भुताला भ्यावे, की टाळीला?

एका पावसाळी संध्याकाळची गोष्ट. मिस्सा आटोपून मी झगा काढून ठेवत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक माउली दारात येऊन उभी राहिली. छत्रीचे पाणी उंबऱ्याबाहेर निथळवत ती म्हणाली, "फादर, जरा घरी येऊन पवित्र पाणी शिंपडून जाल का? धाकटा रात्री झोपत नाही. दिवा मालवूच देत नाही." चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. चुलत भावंडांच्या संगतीने त्या दहा वर्षांच्या मुलाने मोबाइलवर 'द नन' हा चित्रपट पाहिला होता. तेव्हापासून अंधारात त्याला काळ्या पोशाखातली, पांढऱ्याफटक चेहऱ्याची धर्मभगिनी दिसे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गालाही तो जाईनासा झाला होता, कारण तिथे शिकवायला सिस्टर असत.

मी गेलो. प्रार्थना केली, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडले, मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. माउलीने चहा ठेवला. ओट्यावर तिचा महाविद्यालयात जाणारा थोरला मुलगा मोबाइल घेऊन बसला होता. त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर रक्ताने माखलेला, हाती कुऱ्हाड घेतलेला एक तरुण झळकत होता. "हा रे कोण?" मी विचारले. तो हसून म्हणाला, "फादर, हा 'ॲनिमल'मधला हिरो. तुम्ही पाहिला नाही अजून? भारी पिक्चर आहे." आतून माउली कौतुकाने म्हणाली, "तीन वेळा पाहिलाय त्याने."

पावसातून परत येताना एकच विचार मनात घोळत राहिला. एकाच छपराखाली दोन चित्रपट येऊन गेले होते. एकासाठी धर्मगुरूला बोलावणे धाडले गेले, दुसऱ्याचे घरात कौतुक झाले. या दोहोंपैकी घरात अधिक घातक पाहुणा कोणत्या चित्रपटाने आणला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी पुढले काही महिने, सवड मिळेल तसा, चित्रपट पाहत गेलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

हौशी प्रेक्षकाचा अधिकार

आरंभीच कबूल करतो, मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. मी हौशी प्रेक्षक आहे. माझी ही हौस जुनी आहे. चित्रपटकलेला शंभर वर्षे पूर्ण झाली, त्या १९९५ साली मी सेमिनरीत होतो. त्या निमित्ताने व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली होती. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते. त्यात संतचरित्रांवरचे चित्रपट होते, डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' होता, ॲटनबरो यांचा 'गांधी' होता. आम्हा विद्यार्थ्यांना नवल वाटले ते एका वेगळ्याच नावाचे. कलेच्या विभागात मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा १९२२ सालचा 'नोस्फेरातू' होता. रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा मूकपट, आणि तो व्हॅटिकनच्या यादीत! त्या दिवशी माझ्या मनातला एक गैरसमज गळून पडला. भयपट म्हणजे हीन करमणूक, हे समीकरण ख्रिस्तसभेने मांडलेले नव्हते. ते आमचे आम्हीच मांडले होते.

वास्तविक आम्हा वसईकरांना भयकथा नवी नाही. वीज गेली की ओट्यावर आजीभोवती आम्ही नातवंडे गोळा होत असू. बावखलाच्या काठी उभा राहणारा गिऱ्हा, चिंचेवरची हडळ, केळीच्या बागेतून दिवा घेऊन फिरणारा कुणी अनामिक, ही मंडळी आमच्या बालपणीची शेजारीच होती. आज मागे वळून पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. आजीच्या गोष्टीतले भूत कधी उगीच प्रकटत नसे. कुणी रात्रीत बांध सरकवून भावाची जमीन गिळलेली असे, कुणी सुनेला छळून विहिरीत लोटलेले असे. भूत म्हणजे त्या पापाची न फिटलेली बाकी. आम्ही घाबरत असू खरे, पण घाबरता घाबरता काय करू नये हेही शिकत असू. भयकथेचे मोल जोखायला आजीची ही कसोटी मला आजही पुरेशी वाटते. भूत कुठून आले, हे चित्रपट सांगतो का? आणि त्याच्या येण्यात माणसाचा वाटा किती?

झग्यातले नायक

प्रथम ज्या चित्रपटाने धाकट्याची झोप उडवली त्याकडे वळू. 'द नन' हा २०१८ सालचा चित्रपट. तो 'द कॉन्ज्युरिंग' या २०१३ पासून सुरू झालेल्या मालिकेची एक शाखा होय. कथा १९५२ सालच्या रुमानियात घडते. मठातील एक धर्मभगिनी आत्महत्या करते. चौकशीसाठी व्हॅटिकनहून फादर बर्क आणि अद्याप व्रते न घेतलेली तरुण आयरीन यांना पाठवले जाते. मठाच्या तळघरात एक दार आहे. त्यातून एक दुष्टात्मा धर्मभगिनीचे रूप घेऊन बाहेर आला आहे. शेवटी प्रभू येशूच्या रक्ताचा एक प्राचीन अवशेष वापरून त्याचा पाडाव केला जातो.

दृश्ये देखणी आहेत. धुक्यातली क्रूसांची रांग, दगडी ओवऱ्या, मेणबत्तीचा उजेड या साऱ्याने वातावरण नेमके साधते. परंतु आजीची कसोटी लावताच सारा डोलारा ढासळतो. या दुष्टात्म्याचा कोणाच्याही अंतःकरणाशी काही संबंध नाही. जमिनीला भेग पडली म्हणून तो आला, भेग बुजवली की तो जाणार. फादर बर्क यांच्या मनात एका मुलाच्या मृत्यूची खंत आहे. तिच्यातून काही खोल निघू शकले असते. पटकथा मात्र ती खंत केवळ प्रेक्षकाला दचकवण्यापुरती वापरते. क्रूस, पवित्र पाणी, प्रभूचे रक्त ही आमची परमपवित्र चिन्हे इथे शस्त्रागारातील हत्यारांसारखी भिंतीवर टांगलेली आहेत. गरज पडली की उचलायची, काम झाले की ठेवून द्यायची. त्यांच्यापुढे गुडघे टेकण्याची वेळ कुणावर येत नाही. चित्रपटात धर्म आहे असे वाटते. प्रत्यक्षात धर्माचे सामान तेवढे आहे.

हाच दोष २०२३ सालच्या 'द पोप्स एक्झॉर्सिस्ट'मध्ये ठळक होतो. रोमच्या धर्मप्रांतात दीर्घकाळ भूतनिस्सारणाचे काम केलेले फादर गाब्रिएले आमोर्थ (निधन २०१६) यांच्यावर तो बेतलेला आहे. रसेल क्रो या समर्थ नटाने त्यांना स्कूटरवर बसवले आहे आणि मिश्कील केले आहे. तेवढा भाग मौजेचा आहे. पुढे मात्र कट-कारस्थाने आणि स्फोट यांखाली तो धर्मगुरू दबून जातो. ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्थापनेत फादर आमोर्थ यांचाच पुढाकार होता, तिनेही या चित्रपटाविषयी प्रदर्शनापूर्वीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

हे चित्रपट पाहून लोक आमच्याकडे येतात, म्हणून एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ११७२ नुसार बिशपांच्या विशेष व स्पष्ट परवानगीविना कोणताही धर्मगुरू हा विधी करू शकत नाही. भक्ती, ज्ञान, विवेक आणि निष्कलंक चारित्र्य असलेल्या धर्मगुरूलाच ती परवानगी द्यावी असा दंडक आहे. या विधीचे सुधारित पुस्तक १९९९ साली अमलात आले. आजार आणि बाधा यांत गल्लत होऊ नये म्हणून गरजेनुसार वैद्यक व मानसोपचार जाणणाऱ्यांचा सल्ला घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. माझ्या पाव शतकाहून अधिक काळाच्या सेवेत 'काहीतरी लागले आहे' म्हणून पुष्कळ जण आले. शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यामागून बहुतेक वेळा निघाले ते न फिटलेले कर्ज, घरातली दारू, मनात कोंडलेला शोक, नाहीतर डॉक्टरांपर्यंत न पोहोचलेला आजार. पडद्यावर यातले काही दिसत नाही, कारण ऐकून घेण्यात किंकाळी नसते.

याला एक थोर अपवाद आहे, आणि गंमत म्हणजे या साऱ्या चित्रपटांचा तोच मूळपुरुष आहे. विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या कादंबरीवरून विल्यम फ्रीडकिन यांनी १९७३ साली 'द एक्झॉर्सिस्ट' काढला. उत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला भयपट. लोकांच्या स्मरणात राहिली ती बारा वर्षांच्या रीगनची गरगर फिरणारी मान आणि हिरवी ओकारी. मी मात्र तो उतारवयाकडे झुकताना पुन्हा पाहिला, तेव्हा मला दिसले फादर कॅरस.

फादर कॅरस हे जेसुइट धर्मगुरू आणि मानसोपचारतज्ज्ञही आहेत. त्यांची श्रद्धा डळमळली आहे. त्यांची म्हातारी आई एकटीने मेली, आपण तिच्याजवळ नव्हतो, हा काटा त्यांच्या उरात आहे. चित्रपटाचा बराच भाग डॉक्टर, तपासण्या आणि इस्पितळे यांतच जातो. दुष्टात्म्याच्या निष्कर्षाकडे कुणालाही घाई नाही. आणि दुष्टात्मा कॅरस यांच्यावर वार करतो तो आईच्या आवाजात. म्हणजे त्याला आत शिरायला जी फट सापडली आहे ती जमिनीतली नाही, माणसाच्या मनातली आहे. अखेर मुलीला वाचवण्यासाठी कॅरस त्या दुष्टात्म्याला स्वतःवर ओढवून घेतात आणि खिडकीतून खाली झेपावतात. दगडी जिन्याच्या तळाशी ते मरणासन्न पडलेले असताना मित्र असलेला धर्मगुरू त्यांचा हात हातात घेऊन त्यांना पापक्षमा देतो. बोलण्याची शक्ती नाही. उत्तर केवळ बोटांच्या दाबातून येते. या दृश्यात एकही भूत नाही. तरी अंगावर काटा येतो तो इथे. विजय हत्यारांनी मिळाला नाही, स्वतःचा जीव देऊन मिळाला. यापुढे 'द नन'मधली रक्ताची कुपी मला खेळण्यातली वाटते.

तुंबाडचा पाऊस

आपल्या मातीतल्या भयपटांकडे वळताना मला राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'पाशी अधिक वेळ थांबायचे आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात तो आला तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक गल्ला जमवून गेला. मी तो याच दुसऱ्या खेपेला पाहिला. चित्रपट हिंदीत असला तरी त्याची नाळ मराठी आहे. दिग्दर्शक हे 'थँक यू मिस्टर ग्लाड'चे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. कल्पनेचे बीज नारायण धारप यांच्या एका कथेतले, आणि नावात श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'चा प्रतिध्वनी.

कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत चालते. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्याने आईचे सारे सोने घेतले आणि धान्यावरही हात घालू लागला, तेव्हा इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला. आईने त्याला आपल्या उदरात लपवून वाचवले, परंतु अट अशी की त्याची पूजा कधी होणार नाही. तुंबाडच्या वाड्याखालच्या विहिरीतून त्या उदरात उतरता येते. भुकेल्या हस्तरपुढे कणकेची बाहुली टाकायची, तो तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून सुवर्णमुद्रा पाडून घ्यायच्या आणि जीव मुठीत धरून वर यायचे. विनायकराव हेच करतो, पुनःपुन्हा करतो, आणि ते करून श्रीमंत होतो.

या चित्रपटात संततधार पाऊस आहे. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात आभाळ, चिखल, शेवाळलेल्या भिंती असे सारे ओले व काळपट दिसते. कोकणातला श्रावण ज्यांनी अनुभवला आहे त्यांना तो गारवा हाडांपर्यंत जाणवेल. या ओलेपणात एकच गोष्ट चमकते, ती म्हणजे सोन्याची मुद्रा. प्रेक्षकाच्या नजरेलाही दिग्दर्शक सोन्याची ओढ लावतो. विनायक विहिरीत उतरला की तो सुखरूप वर यावा असे आपल्याला वाटते, आणि मनाच्या कोपऱ्यात असेही वाटते की त्याने आणखी चार मुद्रा आणाव्यात. इथे भूत कुठे आहे, हा प्रश्न मग अवघड होऊन बसतो. हस्तर तर बिचारा भुकेला आहे. त्याला कणीक हवी. माणसाचे पोट मात्र भरलेले असूनही तो खाली उतरतो आहे.

चित्रपटाच्या प्रारंभी साखळदंडांनी बांधलेली एक शापित म्हातारी आहे. अखेरीस विनायकचा किशोरवयीन मुलगा पांडुरंग आहे. मोहम्मद समद या एकाच बालनटाने या दोन्ही भूमिका केल्या आहेत हे मला नंतर समजले, आणि त्या निवडीचा अर्थ मनात उलगडत गेला. लोभाचा शाप आणि त्यातून सुटण्याची शक्यता, दोन्ही एकाच चेहऱ्यात असतात. कारण पांडुरंग काही निष्पाप बालक नाही. दर वेळी दोन-चार मुद्रा आणण्यापेक्षा हस्तरचा अख्खा लंगोटच पळवावा, ही कल्पना त्याचीच. बाप मुलाला वारसा देतो तो घरदाराचा नसतो, भुकेचा असतो. ती कल्पना अंगाशी येते. अनेक बाहुल्या नेल्या, तर अनेक हस्तर प्रकटतात. मुलाला वाचवण्यासाठी बाप त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून घेतो आणि शापित होतो. विद्रूप झालेला तो बाप शेवटी पळवून आणलेला लंगोट मुलापुढे धरतो. आणि पांडुरंग तो घेत नाही. बापाला अग्नी देऊन तो निघून जातो.

माझ्या मते अलीकडच्या हिंदी पडद्यावरचा हा सर्वांत धार्मिक क्षण आहे, आणि त्यात धर्माचे एकही चिन्ह नाही. माणसाला मलिन करणारे जे काही असते ते बाहेरून येत नाही, अंतःकरणातून निघते, या प्रभूच्या शिकवणीवर मी अनेक प्रवचने दिली आहेत. त्यातले एकही 'तुंबाड'इतके परिणामकारक झाले नसेल. एक उणीव नोंदवतो. विनायकची पत्नी, त्याची आई, त्याच्या जीवनातली दुसरी स्त्री यांना पटकथेने फार थोडी जागा दिली आहे. लोभाची झळ ज्यांना सर्वाधिक बसली त्यांचे मन आपल्याला पुरते दिसत नाही.

पिंपळावरचा आणि बिनडोक्याचा

२०२४ सालच्या दोन गाजलेल्या चित्रपटांनी भय आणि हसू यांची मिसळ केली. आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' कोकणातल्या समजुतीवर उभा आहे. मुंज झाल्यावर लग्नापूर्वी मेलेला मुलगा मुंज्या होऊन पिंपळावर राहतो, ही ती समजूत. इथला गोट्या १९५२ साली आपल्यापेक्षा मोठ्या मुलीवर जीव जडवून बसतो, तिला मिळवण्यासाठी सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्यातच मरतो. पुढे तो पुण्यातल्या बुजऱ्या बिट्टूच्या मानगुटीवर बसतो. नकार न पचवणारे पोर भूत होते, ही कल्पना आजच्या काळाला किती लागू आहे! तरुणीने नाही म्हटल्यावर तिच्यावर शस्त्र उगारणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. खेद इतकाच की चित्रपट या सूत्राला धरून राहत नाही. संगणकाने घडवलेल्या भुताच्या माकडचेष्टांत तो रमतो. सत्यराज यांनी रंगवलेला भोंदू 'पाद्री' पाहून आमच्या काही बांधवांना राग आला. मला आला नाही. लोकांच्या भीतीवर पोट भरणारे भोंदू सर्व धर्मांत आहेत. आपल्यात नाहीत असे छातीठोकपणे कोण म्हणेल? सुहास जोशी यांची आजी मात्र दीर्घकाळ लक्षात राहील.

अमर कौशिक यांच्या 'स्त्री २'मध्ये चंदेरी गावातला सरकटा नावाचा बिनडोक्याचा राक्षस स्वतंत्र विचारांच्या स्त्रियांना पळवून नेतो. विनोद पुष्कळदा सवंग आहे. तरी एक कल्पना पटकथाकाराने अचूक मांडली आहे. सरकटा गावातल्या पुरुषांच्या मनाचा ताबा घेतो आणि तेच पुरुष मग घरच्या लेकी-सुनांना कोंडू लागतात. राक्षसाला डोके नाही. तो आपली डोकी वापरतो. थिएटरात या प्रसंगाला हशा पिकला. माझ्या मागच्या रांगेत एक बाई हसत नव्हत्या.

टाळी कुणासाठी?

आता त्या दुसऱ्या चित्रपटाकडे येतो. संदीप रेड्डी वांगा यांचा 'ॲनिमल' १ डिसेंबर २०२३ रोजी प्रदर्शित झाला. केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आणि तीन तास एकवीस मिनिटांची लांबी असूनही त्याने जगभरात नऊशे कोटींच्या घरात कमाई केली. तो मी घरी बसून पाहिला. अन्याय होऊ नये म्हणून आधी त्याचे बळ सांगतो. धंद्यात बुडालेल्या बापाच्या प्रेमासाठी आसुसलेला मुलगा, हे त्याचे मूळ दुःख खरे आहे. रणबीर कपूर आणि अनिल कपूर यांच्यातले काही प्रसंग हेलावून टाकतात. असे मुलगे आणि असे बाप आपल्या धर्मग्रामातही आहेत.

परंतु हे दुःख चित्रपट एका परवान्यासारखे वापरतो. मला प्रेम मिळाले नाही, म्हणून मी कुऱ्हाड चालवणार. माझ्या बापावर गोळी झाडली, म्हणून मी माणसे कापत सुटणार. जिने विश्वास टाकला, ती स्त्री शत्रूने पाठवलेली निघाली, म्हणून मी तिला माझा बूट चाटायला सांगणार. आणि हे सारे घडताना कॅमेरा कुठे उभा असतो पाहा. तो नायकाच्या पायाशी असतो, खालून वर पाहत. संगीत त्याची आरती ओवाळत असते. कापल्या गेलेल्यांना चेहरा नसतो. ते केवळ आकडा वाढवण्यासाठी येतात. दुष्टपणा पडद्यावर दाखवण्याला माझा आक्षेप नाही; 'तुंबाड'ने तो दाखवलाच की. तो सजवून दाखवण्याला आहे. विनायक विद्रूप होतो. हा नायक मात्र जितका क्रूर होतो तितका देखणा होत जातो.

डिसेंबर २०२४ मध्ये सुकुमार यांचा 'पुष्पा २' आला. तो युवकांबरोबर चित्रपटगृहात पाहिला. रक्तचंदनाच्या तस्करीतून मोठा झालेला पुष्पा. मुख्यमंत्र्याने तस्करासोबत छायाचित्र काढून घेण्यास नकार दिला, म्हणून तो मुख्यमंत्रीच बदलायला निघतो. अल्लू अर्जुन यांनी जत्रेच्या प्रसंगात साडी नेसून केलेले नृत्य आणि त्यानंतरची मारामारी यांतले सामर्थ्य नाकारता येणार नाही. कुळाचे नाव नाकारल्या गेलेल्या माणसाची ती जखम आहे. तो प्रसंग ऐन भरात असताना चित्रपटगृह शिट्यांनी दणाणले. आणि माझ्या ध्यानात आले की मीही टाळ्या वाजवत होतो. पडद्यावर बेभान मारामारी चालली होती आणि अर्धे आयुष्य क्षमेवर प्रवचने दिलेल्या माझ्या हातांनी ताल धरला होता. 'द एक्झॉर्सिस्ट' पाहताना मला वाटली नव्हती तशी भीती मला त्या क्षणी वाटली.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. भयपट आपल्याला विचारतो, तू कशाला भितोस? धुमधडाक्याचा चित्रपट विचारतो, तू कशाला टाळी देतोस? पहिल्या प्रश्नाने झोप उडते, पण वाईट ते वाईटच राहते. दुसऱ्या प्रश्नाने झोप छान लागते, आणि झोपेतच वाईटाचे नाव बदलून शौर्य होते.

यावर युवकांचे ठरलेले उत्तर असते, "फादर, तो नुसता पिक्चर आहे." मीही चित्रपटामुळे गुन्हे घडतात असे सरसकट विधान करणार नाही; ते फार सोपे होईल. एक घडलेली गोष्ट तेवढी सांगतो. आमच्या भागातल्या एका क्रिकेट स्पर्धेत भांडण झाले. पाच-सहा जणांनी मिळून एका मुलाला मारले. भांडणे आमच्याही तरुणपणी होत. नवे होते ते पुढचे. कुणीतरी ती मारहाण मोबाइलवर टिपली, तिची गती संथ केली, तिला एका गाजलेल्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत लावले आणि ती सगळीकडे फिरली. मला ती दाखवणारा मुलगा मारणाऱ्यांपैकी नव्हता. तो नुसता पाहणारा होता, आणि पाहताना त्याच्या पायाने ठेका धरला होता. मार खाणाऱ्या मुलाचा चेहरा त्यात जेमतेम अर्धा क्षण दिसतो.

दिवा मालवताना

आईबापांनी मला वारंवार विचारले आहे, मुलांना कोणते चित्रपट पाहू द्यावे? मी यादी देत नाही. वयाचे प्रमाणपत्र पाळावे, एवढे तर कायद्यानेच सांगितले आहे. 'तुंबाड'सुद्धा लहान मुलांसाठी नाही. त्यापलीकडे एकच विनंती करतो. चित्रपट संपल्यावर मुलांना विचारा, टाळी कुठे वाजवावीशी वाटली? आणि आपण कुठे वाजवली, हेही त्यांना खरे खरे सांगा. प्रवचनाहून हे संभाषण अधिक दूर जाते असा माझा अनुभव आहे.

धाकट्याची भीती तशी लवकर गेली. एका शनिवारी मी त्याला कॉन्व्हेंटमध्ये घेऊन गेलो. सिस्टर स्वयंपाकघरात कोलंबी सोलत बसल्या होत्या, पदरासारखे शिरोवस्त्र मागे खोचून. त्यांनी त्याच्या हाती पेरू दिला आणि मांजरीची पिल्ले दाखवली. पुढल्या रविवारी तो वर्गात हजर होता. आता दिवा मालवून झोपतो असे माउली सांगते.

थोरल्याला वेळ लागला. युवकांपैकी अठरा वर्षांवरच्यांसाठी आम्ही 'तुंबाड' एकत्र पाहिला, तेव्हा तोही आला होता. चित्रपट संपल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही. मंडळी पांगू लागली. खुर्च्या आवरता आवरता तो माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "फादर, पांडुरंगाने तो लंगोट घेतला नाही. मी घेतला असता."

मी त्याला काही उपदेश केला नाही. त्याच्या हातातली खुर्ची घेतली, आणि आम्ही दोघे तिथेच बसलो.